नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे सगळ्यांना सारखा स्पीड?

‘सरकारने नेट न्यूट्रॅलिटी आणली, सगळ्यांना सारखाच स्पीड वाटला, म्हणून आमच्याकडे नेट रांगतं,’ हे गुहागरपासून मालवणपर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट-ॲपना सारखं वागवणं. जादा पैसे मोजून जादा स्पीड घ्यायला नियमाची आडकाठी नाहीच. ट्राय या दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मनाई केली ती मजकूर बघून वेगळा दर लावायला. मोजक्याच साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ त्यातच अडकलं. २०१८ मध्ये एखादी साइट अडवणं, मुद्दाम मंद करणं हेही नेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत निषिद्ध झालं. म्हणजे देवगडच्या बागायतदाराची हापूस विकणारी साइट आणि बड्या कंपनीचं ॲप, दोघांना वाट सारखी. (असा नियम सरकारने ठेवावाच, हे माझं मत.) पावसात वीज गेली, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तर त्यात या नियमाचा काय दोष?