चर्च-आरोग्य स्वयंसेवक प्रशिक्षण

ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे एखाद्या चर्चच्या समुदायातल्या, सभासदांना आहार, व्यायाम, रक्तदाब, मधुमेह अशा विषयांवरच्या कार्यशाळा आपल्याच वस्तीत घेता याव्यात म्हणून दिले जाणारे शिक्षण. हे सभासद डॉक्टर किंवा नर्स असण्याची गरज नसते, आणि बहुतेक नसतातच. निवृत्त शिक्षिका, बसचालक, गायनवृंदातली एखादी आजी, चर्चचे स्वयंपाकघर वर्षानुवर्षे सांभाळणारी बाई अशी ही माणसे. या कामाचा खूप अभ्यास अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत झाला आहे. त्यामुळे ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

या मंडळ्यांत आरोग्याचे काम बाहेरून आलेले नाही. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ पसरली, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी आपल्या समाजातली माणसे जमवून आजाऱ्यांची शुश्रूषा केली. हेच ॲलन पुढे १८१६ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र पंथाचे पहिले बिशप (वरिष्ठ धर्माधिकारी) झाले. दुसरीकडे सरकारी आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास या समाजाने फार कटू अनुभवातून गमावला. अलाबामातल्या टस्कीगी परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश (सिफिलिस) झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. अशा समाजात पांढरा कोट घालून आलेल्या अनोळखी माणसाच्या सल्ल्यापेक्षा दर रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या बाईचा शब्द जड भरतो, यात नवल नाही. त्यात ‘तुमचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ हा करिंथकरांस पहिल्या पत्रातला विचार सर्वांच्या ओळखीचा असतो. पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, तो व्यासपीठावरून उच्चारला की चालायला जाणे हीसुद्धा भक्तीतली गोष्ट ठरते.

प्रशिक्षणाचा बराच भार माहितीवर असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो बोलण्याच्या रीतीवर असतो. कार्यक्रमांगणिक तपशील बदलतात, पण गाभा सारखाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीने पुढे आणलेल्या ‘बॉडी अँड सोल’ या कार्यक्रमात स्वयंसेवकांना उपदेश न करता विचारायला शिकवले जाते. ‘तुम्ही भाज्या खायलाच हव्यात’ असे म्हणायचे नाही. ‘भाज्या वाढवाव्यात असं तुम्हाला कशामुळे वाटतं?’ असे विचारायचे आणि समोरच्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यायचे. धार्मिक सभेत बोलायची सवय असलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते, कारण तिथे चांगले बोलणे म्हणजे पटवून देणे. म्हणून तिघातिघांचे गट करून सराव होतो. एकजण सल्ला मागणारा, दुसरा ऐकणारा, तिसरा टिपणे घेणारा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी घडवलेली दीर्घकालीन आजारांवरची कार्यशाळाही अनेक चर्चच्या सभागृहांत भरते. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, ती चालवणारे दोघे. हे दोघे बहुधा स्वतः एखादा जुनाट आजार घेऊन जगणारे. प्रत्येकाने त्या आठवड्याचा बेत मोठ्याने सांगायचा : काय करणार, किती, केव्हा, किती वेळा. ‘जास्त चालेन’ हा बेत धरत नाहीत. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवणाआधी पंधरा मिनिटे चालेन’ हा धरतात. मग हे जमेल याची खात्री शून्य ते दहापैकी किती, असे विचारतात. सातच्या खाली आकडा आला तर बेत लहान करायचा. माणसाला अपयशाची नव्हे, जमण्याची सवय लावणारी ही पद्धत मला या सगळ्या शिक्षणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

रक्तदाब मोजायलाही शिकवतात. पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा बाहीवर नाही तर उघड्या दंडावर, आणि मोजताना गप्पा नाहीत. आकडा फार वर गेला तर औषध सुचवायचे नाही, डॉक्टरकडे पाठवायचे. आपली हद्द कुठे संपते हे शिकणे प्रशिक्षणाचाच भाग आहे.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या सारा विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चबरोबर चालवलेल्या ‘श्रद्धा, हालचाल आणि पोषण’ या उपक्रमाने एक नेमकी जागा हेरली. प्रत्येक मंडळीतल्या आरोग्य समितीच्या सभासदांबरोबर चर्चच्या स्वयंपाक्यांनाही वेगळे दिवसभराचे प्रशिक्षण दिले. रविवारच्या उपासनेनंतरचे जेवण, लग्न, मृत्यूनंतरचे भोजन हे सारे त्याच स्वयंपाकघरातून निघते. कोलार्डच्या पाल्याची भाजी परंपरेने डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून मंद आचेवर शिजते. त्याऐवजी धुरावलेले टर्की पक्ष्याचे मांस, कांदा, लसूण आणि मिरची घातली तर मीठ-चरबी कमी होते आणि चवीची ओळखही टिकते. आजीची भाजी टाकून द्यायला कुणी सांगत नाही.

परिणाम मिश्र आहेत. ‘बॉडी अँड सोल’च्या पहिल्या मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २००४ मध्ये आला, फळे-भाज्यांचे सेवन वाढले. पण संशोधकांनी हात काढून घेतला आणि मंडळ्यांनी तेच स्वतः चालवले, तेव्हा नंतरच्या चाचणीत फरक उरला नाही. साउथ कॅरोलायनाच्या वरील उपक्रमाच्या ७४ मंडळ्यांतल्या चाचणीत लोकांनी स्वतः सांगितलेला व्यायाम वाढला, रक्तदाब मात्र हलला नाही. माझ्या मते यातून प्रशिक्षण फोल ठरत नाही. एकदाच देऊन सोडून दिलेले प्रशिक्षण अपुरे ठरते. मेथडिस्ट परंपरेत पाळकांची नेमणूक बिशप करतात आणि त्यांची बदली होते. नवा पाळक आला की समिती थंडावू शकते. स्वयंसेवकही थकतात.

महाराष्ट्राशी याचा धागा जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या मंडळीच्या सभासद नव्हत्या, सर्व धर्मजातींच्या होत्या, पण शिकवण्याची रीत ओळखीची वाटते. या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला येत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत, नवे शिकत आणि परत जाऊन शेजारणींना सांगत. त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. साउथ कॅरोलायनाचा उपक्रम त्याच राज्यातल्या फेअरफील्ड काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) गेला, तेव्हा तिथेही मंडळ्यांना शिकवण्याचे काम विद्यापीठाच्या लोकांऐवजी तिथल्याच समाजातल्या आरोग्य सल्लागारांकडे देण्यात आले.