वसंतपंचमी म्हणजे ‘आपला व्हॅलेंटाइन डे’ नव्हे

२०२४ साली वसंतपंचमी नेमकी १४ फेब्रुवारीला आली अन् गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून एकच मेसेज फिरला: ‘आपला खरा व्हॅलेंटाइन डे हाच!’ चण्याची सोंगणी सुरू, वाद घालायला कोणाला फुरसत? मला मात्र ते खटकलं.

तो मेळ निव्वळ योगायोगाचा होता. १४ फेब्रुवारी ही तारीख हलत नाही. वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीला, म्हणून कधी जानेवारीच्या शेवटी, कधी फेब्रुवारीत. मान सरस्वतीचा आणि ऋतूचा. या दिवशी मदन-रतीची पूजाही सांगितलेली आहे. मेसेजवाल्यांनी तेवढाच धागा धरला. पण मदन इथं येतो तो वसंताचा सोबती म्हणून.

व्हॅलेंटाइन हा रोमचा ख्रिस्ती हुतात्मा. प्रेम त्याला फार उशिरा चिकटलं. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीनं लिहिलं, की त्याच्या दिवशी पाखरं जोडीदार निवडतात. म्हणजे तिकडं सुरुवात पाखरांपासून! मग चिठ्ठ्या आल्या. १४७७ मध्ये मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीनं होणाऱ्या नवऱ्याला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून लिहिलेलं पत्र आजही जपलेलं आहे. त्यात काळजी कशाची? हुंड्याची. बाप रक्कम वाढवायला तयार नव्हता.

चिठ्ठीच पाहायची तर आपल्या रुक्मिणीची पाहा. वर्धेकाठचं कौंडण्यपूर तिचं माहेर. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न लावायला निघाला, तेव्हा तिनं ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला. भागवतात त्याचे सात श्लोक आहेत. त्यात जीव ओवाळणं आहेच, पण पक्का बेतही आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीला गावाबाहेर येईन, तिथून घेऊन जा. मार्जरीचं घोडं बापाच्या सौद्यापाशी अडलेलं; या पोरीनं जागा अन् वेळ दोन्ही कळवली.

आणि वसंतपंचमीला पंढरपुरात काय होतं? विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. अक्षता, मंगलाष्टकं, सगळं. प्रेमाशी नातं जोडायचंच तर ही लग्नाची तिथी आहे, ‘हो म्हणशील का’ विचारायची नाही.

रुक्मिणीहरणाची जागा म्हणून कौंडण्यपूरचे लोक आपलं अंबिकेचं देऊळ दाखवतात, अमरावतीचे लोक अंबादेवीचं. हे मात्र ग्रुपवर टाकू नका. सोंगणी राहून जाईल.