एडेलवाइस कड्यावरचंच फूल नव्हे

आल्प्समधल्या एडेलवाइस या पांढऱ्या, लवदार, चांदणीसारख्या फुलाबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: ते फक्त उभ्या कड्यांवर फुलतं आणि प्रेयसीसाठी जीव धोक्यात घालणाऱ्यालाच मिळतं. हे खरं नाही.

एडेलवाइस मुळात उघड्या माळाचं झाड. त्याचे बहुतेक भाऊबंद आशियातल्या गवताळ डोंगरउतारांवर राहतात. आपले ट्रेकर हिमालयात जातात तिथेही ते पायाशीच दिसतात. आल्प्समध्ये साधारण १८०० ते ३००० मीटरवर, चुनखडीच्या जमिनीत, कुरणांतही ते वाढतं. मग कड्यांचं काय? सहज हाताला येणारी फुलं लोकांनी इतकी खुडली की बरीचशी उरली ती अवघड जागीच. स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन प्रांताला १८७८ मध्येच ते मुळासकट उपटण्यावर बंदी घालावी लागली. म्हणजे दुर्मिळता झाडाच्या स्वभावात नव्हती, ती माणसाने आणली. मला याचंच वाईट वाटतं.

थंड हवेच्या देशांत रॉक गार्डनमध्ये ते बियांपासूनही येतं. भरपूर ऊन, खडीमिश्रित, पाणी न धरणारी माती एवढं हवं. थंडी ते सोसतं, हिवाळ्यातला ओलावा नाही. खत मात्र घालू नका. लाडावलेलं झाड लांबट, हिरवट होतं आणि ज्या पांढऱ्या लवेसाठी ते लावायचं, तीच विरळ होते.

आणि हो, त्या लवदार चांदणीला पाकळ्या म्हणू नका, ती पानंच आहेत. खरी फुलं मधल्या पिवळसर गोंड्यांत, अगदी बारीक. वाकून बघा.