सिंगापूरचं बुद्धदंत मंदिर, जाण्याआधी वाचून ठेवा

आमच्या सिंगापूर सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बुद्धदंत मंदिर व संग्रहालय, दोन तास’ अशी ओळ आहे. ती वाचून दर वेळी कुणीतरी विचारतंच, ‘काल-परवा बांधलेलं देऊळ, त्याला दोन तास कशाला?’ प्रश्न रास्त आहे. चायनाटाउनमधल्या साउथ ब्रिज रोडवर हे मंदिर आहे. त्याच रस्त्यावर काही मिनिटांच्या अंतरावरचं श्रीमारिअम्मन देवस्थान 1827 चं, आणि याची पायाभरणी मात्र 2005 मधली. लोकांसाठी ते 2007 मध्ये खुलं झालं. लाल-पांढरी, एकावर एक छपरांची बांधणी चीनच्या जुन्या तांग राजवटीच्या धाटणीची असली तरी आत लिफ्ट आहे.

आमच्या मते नवेपण हीच इथली गंमत. जुन्या देवळात पाहुण्याला कुठेतरी सामावून घेतलेलं असतं. एक दार बंद, एक कोपरा दोरी बांधून अडवलेला, पाटी नंतर लावलेली. इथे हात जोडायला येणारा आणि बघायला येणारा, दोघंही मुळापासून हिशेबात धरले आहेत. संग्रहालय तर नावातच आहे. खाली पूजा, वर संग्रहालय, त्याच्या वर अवशेष, म्हणजे बुद्धाचा मानला जाणारा दात, गच्चीवर बाग आणि तळघरात जेवण. तरीही बरेच गट तळमजल्यावर फोटो काढून परत फिरतात. आमच्या मंडळींनी कृपया तसं करू नये.

तळमजल्यावरच्या शतनाग दालनात मैत्रेयाची मोठी मूर्ती आहे. नाग म्हणजे इथे चिनी ड्रॅगन. मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. मागच्या दालनात करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, ज्यांना चिनी लोक क्वानयिन म्हणतात आणि बहुधा स्त्रीरूपात पूजतात. हे नाव परकं वाटू देऊ नका. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच, आणि बोरिवलीच्या कान्हेरीला 41 व्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे, तोही तोच.

आमच्याबरोबर येणाऱ्या बौद्ध कुटुंबांसाठी वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या विहारात बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेब, त्रिशरण-पंचशील, अशी साधी मांडणी असते. इथली परंपरा महायान, म्हणजे चीनकडे रुजलेला बौद्ध पंथ. उदबत्त्या, फळांचे ढीग, राशींनुसार रक्षक देवता, सगळं भरगच्च. मागे नागपूरच्या एका आजींनी खाली उभं राहून ‘हे आपलं नव्हे’ म्हटलं होतं. मग तिसऱ्या मजल्यावर बुद्धचरित्राच्या दालनात त्याच सर्वात जास्त वेळ थांबल्या, बस त्यांच्यासाठी खोळंबली.

मजल्यांचा हिशेब लक्षात घ्या. सिंगापुरात तळमजल्यालाच 1 म्हणतात. अवशेष पाहायला लिफ्टमध्ये 4 दाबायचं. तिथे काचेपलीकडे सोन्याचा स्तूप दिसतो, दात त्यातच ठेवलेला आहे. त्याला 320 किलो सोनं लागलं आणि त्यातलं 234 किलो भाविकांनी दिलेलं आहे, असं मंदिर सांगतं. स्तूपाच्या गाभाऱ्यात फक्त भिक्खू जातात. आपण समोर बसून पाहायचं. पादत्राणं आणि टोप्या काढाव्या लागतात, म्हणून मोजे जवळ ठेवा, एसीमुळे फरशी गार असते. या मजल्यावर फोटो अजिबात नाही. मोबाइल खिशातच राहू द्या.

हा दात खराच बुद्धाचा का, हे हमखास विचारलं जातं. तो म्यानमारमधल्या एका कोसळलेल्या स्तूपात 1980 मध्ये सापडला, असं मंदिराचं म्हणणं. मंदिर उघडलं त्याच वर्षी काही दंततज्ज्ञांनी शंका घेतली, हा दात माणसाचा नसून गाय किंवा म्हशीसारख्या जनावराचा असावा म्हणून. श्रीलंकेत कँडीलाही बुद्धाचा दात पूजला जातो. आमचा गाइड दोन्ही बाजू सांगेल, निवाडा करणार नाही. समोर डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या कानाशी हा वाद मोठ्याने घालू नका, एवढीच विनंती. आपल्या देवळात कुणी तसं केलं तर आपल्यालाही रुचत नाही.

गच्चीवर भलंमोठं प्रार्थनाचक्र आहे, ते हाताने फिरवतात. भोवती ऑर्किडची बाग. उन्हात दमलेल्यांना टेकायला जागा चांगली.

प्रवेशाला तिकीट नाही, त्यामुळे सहलखर्चातही आम्ही याचे पैसे धरलेले नाहीत. दानपेटी आहे, टाकायचे की नाही ते तुमच्यावर. खांदे उघडे, हाफ पँट किंवा आखूड स्कर्ट असेल तर दाराशी पांघरायला वस्त्र मिळतं, पण गर्दीत त्यासाठी थांबावं लागतं. त्या दिवशी पूर्ण कपडेच घाला. पूजापाठ चालू असेल तर कडेने चाला, पठणाला बसलेल्यांच्या आणि मूर्तीच्या मधून जाऊ नका. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी गर्दी वाढते. चिनी नववर्ष आणि वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, या दिवसांत तर विचारू नका. अशा तारखांना आम्ही हा कार्यक्रम पुढे-मागे करतो.

जेवणाबद्दल सर्वात जास्त फोन येतात, म्हणून सविस्तर लिहितो. तळघरातलं जेवण शाकाहारी आहे. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आमची बरीच मंडळी तिथे निर्धास्त जेवतात. मात्र जैन प्रवाशांनी आधी विचारून घ्यावं. गाजर, बटाटा, अळकुडी अशी कंदमुळं आणि मशरूम त्यांच्या स्वयंपाकात सर्रास असतात. सोयाचे तुकडे कधी हुबेहूब मटणासारखे दिसतात, ताट पाहून दचकू नका. मांसाहार करणाऱ्यांसाठी समोरच मॅक्सवेल फूड सेंटर आहे, तिथला चिकन राइस प्रसिद्ध आहे. आधी मंदिर, मग चिकन, हा क्रम पाळा. मांसाहारी पार्सल घेऊन मंदिरात जाता येत नाही, पिशवीत बांधलेलं असलं तरी.

चुकलात तर मॅक्सवेल मेट्रो स्टेशनचं नाव सांगा, ते अगदी जवळ आहे. परतीची जमण्याची जागा तळमजल्यावरचं मुख्य दार. मागच्या बाजूलाही दार आहे. तिकडे थांबू नका, गाइड तिकडे शोधायला येत नाही.