विद्यापीठ परिसरातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य (मुंबई)

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी व अध्यापकांना बोलण्याची, लिहिण्याची, सभा घेण्याची असलेली मोकळीक आणि तिच्यावरची बंधने. आधार संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क). हा हक्क फक्त नागरिकांचा, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याला तो सांगता येत नाही. शिवाय तो मागायचा मुख्यतः राज्यसंस्थेकडे, म्हणजे सरकार आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांकडे. १८५७ साली कायद्याने स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्यात मोडते, खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे प्रकरण इतके सरळ नाही.

अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी, चिथावणी अशी बंधन घालण्याची मोजकी कारणे दिली आहेत. ‘भावना दुखावल्या’ हे कारण त्या शब्दांत तिथे नाही, आवारात मात्र तेच सर्वाधिक ऐकू येते. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, इंटरनेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा ठरवणारे कलम ६६-अ रद्द केले आणि चर्चा, पुरस्कार (एखाद्या मताची बाजू घेणे) व चिथावणी यांत फरक केला. पहिल्या दोन्हींना, कितीही झोंबल्या तरी, संरक्षण आहे.

प्रत्यक्षात प्रश्न कोर्टापर्यंत क्वचितच जातो. तो परवानगीवर अडतो. सभागृहासाठी अर्ज, त्यात वक्त्याचे नाव आणि विषय. नकार सहसा लेखी मिळत नाही. ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढ्यावर भागते. सहीशिक्का नसलेले पोस्टर संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डावरून उतरलेले असते.

मुंबईतले सर्वाधिक गाजलेले प्रकरण अभ्यासक्रमाचे. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेताच २०१० मध्ये ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बीएच्या अभ्यासक्रमातून वगळली गेली. कुलगुरूंनी त्यासाठी तातडीचे अधिकार वापरले. एका कादंबरीत एवढी तातडी कसली, हे कोडेच आहे.

जबाबदारीची बाजूही कायद्यात आहे. जातिवाचक शिवीगाळ किंवा रॅगिंग (महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा) ‘माझे मत’ म्हणून खपत नाही. वक्त्याला प्रश्नांनी घाम फोडणे वेगळे आणि आरडाओरडा करून त्याचे भाषण बंद पाडणे वेगळे.

गेटबाहेर पोलिसांचा अंमल. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये गेटवे ऑफ इंडियापाशी निषेधासाठी बसलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी उठवून आझाद मैदानात नेले.