प्ररोग (इंग्रजी क्रियापद)

प्ररोग म्हणजे विधिमंडळ विसर्जित न करता त्याचे चालू सत्र संपवणे. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, नाम प्रोरोगेशन. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात यासाठी 'सत्रसमाप्ती' हा शब्द आहे, तर महाराष्ट्र विधानमंडळात अधिवेशन 'संस्थगित' झाले असे म्हणतात.

मूळ लॅटिन 'प्रोरोगारे': 'प्रो' म्हणजे पुढे, 'रोगारे' म्हणजे विचारणे. रोममध्ये अधिकाऱ्याची मुदत वाढवायची तर लोकांचा कौल विचारला जाई, म्हणून 'मुदत वाढवणे' हा जुना अर्थ. इ.स.पू. ३२६ मध्ये नेपल्सच्या वेढ्यात गुंतलेल्या क्विंटस पब्लिलियस फिलोला अशी मुदतवाढ मिळाली. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर 'लांबवणे', मग 'पुढे ढकलणे' असा अर्थ सरकत गेला. इंग्लंडचा राजा पार्लमेंट पुढच्या तारखेवर ढकली आणि तिथेच सत्र संपे. चालू ठेवण्याचा शब्द असा थांबवण्याचा झाला. ॲब्रोगेट (कायदा रद्द करणे) आणि इंटरॉगेट (कसून चौकशी करणे) ही त्याच 'रोगारे'ची भावंडे.

याचे कर्म संसद, सभागृह किंवा सत्र एवढेच. सोसायटीची सभा सोमवारवर ढकलली, तर तिथे ॲडजर्न (तहकूब करणे) हवे. बातम्यांत सर्वाधिक गोंधळ याच दोन शब्दांचा होतो. बैठक तहकूब करणारा पीठासीन अधिकारी. सत्रसमाप्ती करणारे राष्ट्रपती (अनुच्छेद ८५) किंवा राज्यपाल (अनुच्छेद १७४), तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. फरक कागदी नाही. लोकसभा बेमुदत तहकूब असेल तर अध्यक्ष तिची बैठक पुन्हा बोलावू शकतात. सत्रसमाप्तीनंतर मात्र राष्ट्रपतींनी सभागृह नव्याने बोलवावे लागते. सत्रसमाप्तीने प्रलंबित विधेयके व्यपगत (आपोआप रद्द) होत नाहीत (अनुच्छेद १०७), पण विधेयक मांडण्याच्या सूचना सोडून लोकसभेतील बाकी प्रलंबित सूचना व्यपगत होतात. ब्रिटनमध्ये उलट रीत आहे: पुढील सत्रात नेण्याचा ठराव नसेल तर अपुरे विधेयक तिथेच संपते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने पार्लमेंट संस्थगित झाली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती कृती बेकायदा व निरर्थक ठरवली. दुसऱ्या दिवशी सभापतींनी हाउस ऑफ कॉमन्सच्या इतिवृत्तातील ९ सप्टेंबरची 'प्ररोग'ची नोंद काढून तिथे 'ॲडजर्न' अशी दुरुस्ती करायला लावली.