कर्करोगाच्या उपचारात व्यायामाची जागा

कर्करोगाच्या रुग्णाला विश्रांती घ्यायला सांगणे इतके स्वाभाविक वाटते की, तो सल्ला कितपत योग्य आहे हे तपासण्याची गरज फार काळ कुणाला भासली नाही. केमोथेरपी किंवा रेडिएशनमुळे येणारा थकवा मात्र नुसते पडून राहिल्याने ओसरत नाही. हालचाल थांबली की स्नायू झिजतात, हृदय आणि फुप्फुसांची क्षमता घटते, आणि जिना चढतानाही धाप लागू लागल्यावर रुग्ण आणखीच हालचाल टाळतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने एकत्र आणलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होण्यासाठी लागणारे व्यायामाचे प्रमाणही सांगितले: आठवड्यातून ३ वेळा सुमारे ३० मिनिटे झपझप चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि २ वेळा स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम.

व्यायामाने आयुष्य वाढते का, हा प्रश्न अधिक अवघड होता. व्यायाम करणारे रुग्ण जास्त जगतात असे निरीक्षणांत दिसत असले, तरी ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच व्यायाम करू शकत असतील, ही शंका उरत होती. ‘चॅलेंज’ या चाचणीने तिला उत्तर दिले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ५५ केंद्रांवर, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ५ वर्षांनंतर कर्करोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते. ८ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के भरले. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता, तर त्याची केवढी चर्चा झाली असती!

या चाचणीतील दुसऱ्या गटाला काय मिळाले होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या रुग्णांना व्यायाम आणि आहाराची माहिती देणारे साहित्य दिलेले होते. म्हणजे ‘व्यायाम करा’ हा सल्ला दोन्ही गटांपर्यंत पोहोचला होता. पहिल्या गटाला त्याशिवाय ३ वर्षे एका प्रशिक्षित मार्गदर्शकाची सोबत मिळाली. पहिले ६ महिने दर पंधरवड्याला प्रत्यक्ष भेट होई, देखरेखीखाली व्यायाम करून घेतला जाई आणि अडचणींवर बोलणे होई. पुढे भेटी हळूहळू विरळ होत गेल्या. व्यायामाचा प्रकार रुग्णाने स्वतः निवडायचा होता. तपासणीच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलेले एखादे वाक्य आणि हातात दिलेली पुस्तिका या सोबतीची जागा घेऊ शकत नाहीत, हेच यातून दिसते.

औषध लिहून दिले की ते कुणी द्यायचे, मात्रा कुणी तपासायची, हे रुग्णालयात ठरलेले असते. व्यायामाबाबत असे काही ठरलेले नसते आणि बहुतेक ठिकाणी तो कुणाच्याच कामाचा भाग नसतो. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्येच व्यायाम हा नेहमीच्या उपचारांचा भाग असावा आणि रुग्णांना त्यासाठी योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी भूमिका घेतली होती. तसे करायचे, तर निदानाच्या वेळीच रुग्णाची शारीरिक क्षमता मोजणे, फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी देणे आणि पुढच्या भेटीत त्याची विचारपूस करणे एवढे तरी ठरून गेले पाहिजे.

अर्थात, सरसकट एकच व्यायाम सर्वांना चालणार नाही. कर्करोग हाडांत पसरला असल्यास अस्थिभंगाचा धोका असतो, प्लेटलेट्स फार कमी असताना पडणे महागात जाते, आणि काही केमो औषधे हृदयावर परिणाम करतात. अशा रुग्णांसाठी व्यायाम तज्ज्ञाने आखून द्यायला हवा. ‘चॅलेंज’मध्येही स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात अधिक होत्या. शिवाय जगण्याच्या प्रमाणातला हा फरक मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आणि मूळ उपचार पूर्ण झाल्यावर दिसला आहे. तो इतर कर्करोगांना जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि व्यायाम हा शस्त्रक्रियेला किंवा केमोथेरपीला पर्याय तर मुळीच नाही.